अण्णांचं नाक

बंगळुरातल्या हेब्बाळच्या फ्लायओव्हरभोवती जेवढ्या मोठ्या सोसायट्या उभ्या आहेत, त्यातल्या बहुतेकींच्या तळघरात एक अण्णा असतात. मुलगा मान्यता टेक पार्कात, सून लॅपटॉपसमोर, नातू शाळेत आणि अण्णा पार्किंगमध्ये. उभी हयात बेळगावात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेलेली. इथे आले ते ‘जरा चार दिवस’ म्हणून. आता वॉचमनला गाडीचा नंबर आठवला नाही तर तो अण्णांना विचारतो.

“गाडीतनं जळका वास येतोय,” असं कुणी लिफ्टमध्ये नुसतं पुटपुटलं, तरी अण्णा आपला मजला सोडून त्याच्याबरोबर खाली येतात. पहिला प्रश्न ठरलेला. “फ्लायओव्हर चढून आलास काय?” संध्याकाळी त्या चढावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात आणि नवशिका माणूस अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतो. तो वास क्लचप्लेटचा, गाडी थंड झाली की जातो. निम्मे रुग्ण अण्णा इथेच बरे करतात. “चढावर हँडब्रेक लाव की रे!” फी काही नाही, फक्त व्याख्यान पुरतं ऐकावं लागतं.

उरलेल्यांचं बॉनेट उघडतं. हात पाठीमागे, डोळे मिटलेले, मान किंचित वाकडी. या वेळी कुणी बोलायचं नाही, आणि सेंट मारून आलेल्यानं तर जवळ फिरकायचंसुद्धा नाही. मग निकाल. “गोडसर असता तर कूलंट. नाकाला झोंबला असता तर वायर. हे ऑईल आहे बघ, तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतंय.” हे सांगताना अण्णांचा चेहरा असा फुलतो की खर्च करणाऱ्याला राग यावा.

गळती शोधायला त्यांचं उपकरण एकच, पुठ्ठा. घरटी रोज खोकी येत असल्यामुळे बंगळुरात त्याला तोटा नाही. रात्री तो गाडीखाली सरकवायचा, सकाळी डाग वाचायचे. पण डागावर अण्णांचा पुरता विश्वास नसतो. “तेल वरनं खाली उतरतंय, वाऱ्यानं मागं जातंय. इंजिन पुसून काढ, थोडं चालव, आणि सगळ्यात वरची ओली जागा शोध.” ती बहुधा टॅपेट कव्हरच्या पॅकिंगशी सापडते, नाहीतर सर्व्हिसिंगच्या वेळी नीट न आवळलेल्या फिल्टरशी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब आला, तर मात्र अण्णा मालकाला आधी खुर्चीवर बसवतात. मागचं ऑईल सील! वस्तू स्वस्त, पण ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

गॅरेजवाल्यांशी त्यांचं वैर एका शब्दावरून. पोरगा “टर्बो होय्तु सार”, म्हणजे टर्बो गेला, म्हणाला, की अण्णा आपल्या बेळगावी कानडीत तुटून पडतात. बंगळुरी पोराला त्यातलं निम्मंच कळतं, पण आवाजावरून तो एस्टिमेट कमी करतो. “निळा धूर कुठाय, दाखव!” हा अण्णांचा युक्तिवाद. खरं म्हणजे टर्बोला ते स्वतःच घाबरतात. त्याचं सील गेलं तर डिझेल इंजिन आपलंच ऑईल पिऊन, किल्ली काढल्यावरही, पिसाटासारखं धावत राहू शकतं. ही गोष्ट ते मुलांना अंधार पडल्यावर सांगतात.

दिवस मात्र फिरलेत. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, लिनिया, सगळ्यांच्या पोटात फियाटचं तेच 1.3 लिटरचं डिझेल इंजिन होतं. अण्णांचे बरेचसे रुग्ण त्या एकाच घराण्यातले. मारुतीनं एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या आणि अण्णांची ओपीडी रोडावली. त्यात मुलानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. सवयीनं अण्णा तिचंही बॉनेट उघडून वाकले. कसलाच वास नाही. “मुकी आहे रे ही,” म्हणाले आणि शेजाऱ्याच्या जुन्या स्कॉर्पिओकडे वळले.

तुमच्या गाडीला वास आला तर अण्णांना जरूर हाक मारा. पण धूर दिसला तर आधी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि बॉनेट उघडायची घाई करू नका. डिपस्टिकवर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली गेलं असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. टोवाल्याशी घासाघीस अण्णा करतील.