गाडी कुठली?

अल्टोचं इंजिन बसलं तर लोक हळहळतात. रिक्षाचं बसलं तर स्टँडवरचे मिळून वर्गणी काढतात. जुन्या जर्मन गाडीचं बसलं की मात्र ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक शांत, तृप्त भाव पसरतो आणि तो म्हणतो, "आता लाखांत जाणार हां." पुढे चहा मागवतो. मोठ्या गाडीच्या मालकाला सुतक नसतं.

गाडी नव्वदच्या दशकातली आहे, पेट्रोल, सहा सिलिंडरची. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की दर वाढतो. माझ्याकडे ती आली ती एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या निम्म्या किमतीत, आणि विकणाऱ्याने "डॉक्टरची गाडी आहे" असं सांगितलं होतं. महाराष्ट्रातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते. बिल्डर आणि पुढारी आपल्या गाड्या बहुधा विकत नसावेत, जपून ठेवत असावेत.

सकाळी सुरू केली की निळा धूर यायचा. पांढरा धूर म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोल जास्त आणि निळा म्हणजे ऑइल जळतंय, हे ज्ञान सोसायटीत इतकं पसरलेलं आहे याची मला कल्पना नव्हती. सांगायला येणाऱ्यांत एक भूलतज्ज्ञही होते. कित्येक जर्मन गाड्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा-एक लिटर ऑइल खर्च होणं हे सामान्य म्हणून छापलेलं असतं. पुस्तिका लिहिणाऱ्यांना सोसायटीत राहावं लागत नाही.

मिस्त्रीने सहाही प्लग काढून एकेका सिलिंडरला गेज लावला. धडधाकट पेट्रोल इंजिनात दाब १० ते १२ बार भरतो. इथे दोन सिलिंडर सातापाशीच दमले. मग त्याने प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारला. काटा चढला. ऑइलने पिस्टनभोवतीची फट घटकाभर बुजते. म्हणजे गळती रिंगांपाशी आहे. व्हॉल्व गळत असते तर काटा जागचा हलला नसता. इतकी स्वच्छ, तर्कशुद्ध गोष्ट मी खूप दिवसांत पाहिली नव्हती. या प्रकरणात ती पुन्हा पाहायलाही मिळाली नाही.

"फुल इंजिन काम," मिस्त्री म्हणाला. खर्च किती? तर तो म्हणाला, "साहेब, गाडी कुठली आहे ते बघा ना." गाडी त्याच्या समोर उभी होती. मी बघितली. आकडा आला नाही.

लेथवाल्याकडे ब्लॉक नेला. ओतीव लोखंडाचा ब्लॉक. सिलिंडर पाव मिलिमीटरने मोठे करायचे, होनिंगचा दगड फिरवून आत बारीक जाळी उठवायची आणि त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे. बोअरिंगच्या मशीनला बॉनेटवरचं चिन्ह दिसत नाही. लेथवाल्याला दिसतं, बॉनेट आठ किलोमीटरवर असलं तरी. शेजारीच एका टेम्पोचा ब्लॉक आला होता. त्याच्या एका सिलिंडरचा जो दर, त्याच्या अडीचपट मला. मी व्हर्नियर लावायला सांगितलं. टेम्पोचा सिलिंडर माझ्यापेक्षा रुंद निघाला. म्हणजे खरवडायचं लोखंड तिकडे जास्त होतं. लेथवाल्याने माप नीट पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, "पण मोठी गाडी ही आहे."

बरं, त्याच्या आत्मविश्वासाला सीमा नाही. "कुठलाही ब्लॉक आणा, बोअर करून देतो." नव्वदच्या दशकात बीएमडब्ल्यूने आणि नंतर जॅग्वारने व्ही-८ इंजिनांच्या ॲल्युमिनियम ब्लॉकला आतून निकासिल नावाचा कडक मुलामा दिला. काही देशांतल्या पेट्रोलमधल्या गंधकाने तो मुलामा खाल्ला, दाब पडला, गाड्या सकाळी सुरू होईनात आणि कंपन्यांना इंजिनंच्या इंजिनं बदलून द्यावी लागली. असा मुलामा साध्या बोअरिंगने नुसता निघून जातो. हे मी त्याला सांगितलं. "स्लीव्ह मारू," तो म्हणाला.

दरम्यान हितचिंतकांचं एकमत झालं होतं की कामच करू नये, अख्खं इंजिनच आणून टाकावं. कुर्ल्याला जा. दिल्लीला मायापुरीत मिळतं. शारजाहून हाफ कट येतात, गाडी मधोमध कापलेली, इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळं एकत्र. पुण्यातल्या मेहुण्यांचं म्हणणं वेगळंच: "अरे, १९९५ पासून मर्सिडीज पिंपरीला जोडायचे, आता चाकणला जोडतात. आपल्याकडे पार्टला काय तोटा?" या माहितीचा माझ्या गाडीशी सुतराम संबंध नव्हता, पण ती त्यांनी प्रत्येक फोनवर दिली.

कुर्ल्याला गेलो. इंजिन एका टायरवर बसवलेलं होतं, प्लगच्या भोकांत चिंध्या कोंबलेल्या. "चालू गाडीतून काढलंय," दुकानदार म्हणाला. चालू गाडीतून इंजिन कोण काढतं, हे विचारायचं नसतं. गॅरंटी? "सुरू होईपर्यंत पूर्ण." मी बिल मागितलं. तो मनापासून दुखावला. आता इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो, तो नंबर आरसीवर असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे हा बदल १४ दिवसांत आरटीओला कळवावा लागतो. आरटीओ पक्कं बिल मागणार, म्हणजे इंजिन आलं कुठून त्याचा पुरावा. "साहेब, एवढी मोठी गाडी वापरता आणि बिलासाठी अडता?" या प्रश्नाला उत्तर देणं मला जमलं नाही, आणि जुनाच ब्लॉक राखायचं ठरलं. त्याचा नंबर निदान घरचा होता.

मग सहाचा पाढा सुरू झाला. सहा पिस्टन, रिंगांचे सहा सेट, चोवीस व्हॉल्व, चोवीस सील, क्रँकखाली सात मेन बेअरिंग. चार सिलिंडरच्या गाडीवाल्यांना यातलं सुख कळायचं नाही. पण माझं खरं भांडण झालं ते हेडच्या चौदा बोल्टवरून. हे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात: आधी ठरलेला टॉर्क, मग नव्वद अंश, मग पुन्हा नव्वद. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. मिस्त्रीने जुना बोल्ट रॉकेलमध्ये धुतला, पायजम्याला पुसला, उजेडात धरून फिरवला आणि म्हणाला, "याला काय झालंय? ओरिजनल जर्मन आहे." मी नवे आणून दिले. ते त्याने तळहातावर तोलले आणि हलके आहेत असा निर्वाळा दिला. टॉर्क पाना त्याच्याकडे होता, प्लॅस्टिकच्या वेष्टनातला, भिंतीवर, विश्वकर्म्याच्या तसबिरीशेजारी. "हाताला कळतं," तो म्हणाला. मी पाना खाली काढायला लावला. अंश मोजायला चकती नव्हती, म्हणून सॉकेटवर खडूने रेघ मारली आणि पाव वळसा धरला. रेघ कुठे पोचली हे दोघंही वाकून बघत होतो आणि दोघांचं एकमत होत नव्हतं.

इंजिन सुरू झालं. धूर नाही, त्यामुळे सोसायटीत सांगायला कुणी आलं नाही. पहिले हजार किलोमीटर तिला दामटायचं नाही असा दंडक आहे, म्हणून एक्स्प्रेस वेवर मी डाव्या बाजूने सत्तरने जातो. १०० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर जर्मन सहा सिलिंडर सत्तरने चाललेली बघून सिमेंटचे बल्करसुद्धा हॉर्न देतात. एका टँकरच्या क्लीनरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मला नीट पाहून घेतलं.

काढलेलं सामान मिस्त्रीने गोणीत भरून दिलं. भंगारवाल्याने गाडी कुठली हे विचारलं नाही. गोणी ओतली, लोखंड एकीकडे केलं, पिस्टन एकीकडे, आणि ॲल्युमिनियमचा दर सांगितला, जो पातेल्यांचा तोच पिस्टनचा. मला भरून आलं. मग त्याने पिस्टन उलटा करून आतली पिन दाखवली: ती पोलादाची, ॲल्युमिनियमच्या भावात धरता येणार नाही, काढून आणा. मिस्त्रीकडे नेलं. एक पिन काढायची मजुरी त्याने सांगितली ती ऐकून मी कारण विचारायच्या फंदात पडलो नाही. ते तो आधीच सांगू लागला होता.