दीड पोळीचा प्रश्न

वजन उतरवून देणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये शिरा. आधी उंची विचारतं, मग वजन, मग वय, आणि मग हळूच मुद्द्यावर येतं: पुरुष की स्त्री? या चौकशीमागे बऱ्याचदा मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं अमेरिकी सूत्र असतं. वय ३०, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७० किलो. ‘पुरुष’वर टिचकी मारलीत तर नुसतं पडून राहायला दिवसाला १६१८ कॅलरी मंजूर. ‘स्त्री’वर मारलीत तर १४५२. फरक १६६ कॅलरींचा, म्हणजे बिनतुपाच्या साधारण दीड पोळीचा. माणूस बाई की पुरुष यावरून जगभर कोर्टकचेऱ्या चालू आहेत. ॲपनं केव्हाच निकाल लावून टाकला: दीड पोळी.

आता आठ-दहा महिने इस्ट्रोजेन घेत असलेल्या ट्रान्स स्त्रीनं टिचकी कुठे मारायची? तिचे स्नायू घटायला लागलेत, पण गेलेले नाहीत. खरं उत्तर दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे आणि तेही सरकतंय. कालपर्यंत पचणारं तेवढंच जेवण आता अंगावर बसू शकतं. पण ‘मधे’ नावाचं बटण ॲपमध्ये नाही. ते विकायचं कुणाला, हा कंपनीचा सवाल.

पॅथॉलॉजी लॅबची कथा आणखी रंगतदार. ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉनवर आहे, आधार कार्डावर अजून ‘स्त्री’ आहे. रिपोर्ट येतो. हिमोग्लोबिन साडेपंधरा. संगणक बायकांच्या रकान्याशी ताडून बघतो आणि आकड्यापुढे ठसठशीत ‘एच’ छापतो. घरात धावपळ. मावशी फोनवरून बीट बंद करायला सांगते. वास्तविक टेस्टोस्टेरॉननं रक्त घट्ट होऊ शकतं, त्यावर लक्ष ठेवावंच लागतं. पण ते पुरुषांच्या मापानं. पुरुषाच्या मापात साडेपंधरा म्हणजे अगदी सरळमार्गी आकडा. चूक रक्तात नाही, रकान्यात आहे. पण पथ्य रक्ताला!

इतकं सगळं ओलांडून माणूस ट्रान्झिशनच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जनच्या दारात पोचतो, तेव्हा तिथला काटा वाट बघत उभाच असतो. बीएमआय ३०च्या आत आणा, मग बोलू. कुणी ३५वर तडजोड करतं. भूल, जखम भरणं, रक्ताच्या गुठळ्या, ही कारणं खरी आहेत. सर्जनला उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण या बीएमआयची कुळकथाही जरा ऐका. १८३०च्या दशकात आदोल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञानं हे गणित मांडलं, ते लोकसंख्येचा ‘सरासरी माणूस’ शोधायला. एकेका पेशंटला दारातून परत पाठवायला नव्हे. बॉडी मास इंडेक्स हे बारसं ॲन्सेल कीज यांनी केलं १९७२ साली. चरबी किती आणि स्नायू किती, हे त्या आकड्याला कळतच नाही. आणि हॉर्मोन्स बदलतात ते नेमकं तेच.

बरं, आणायचा आत, तर कसा? हे कुणी सांगत नाही. ‘वजन कमी करा’ हे वाक्य आपल्याकडे संपूर्ण उपचार समजलं जातं. गुडघे दुखतात, वजन कमी करा. लग्न जमत नाही, वजन कमी करा. ट्रान्झिशन करायचंय? तुम्हाला वेगळं काय सांगणार!

मग माणूस त्याला जमतं ते करतो: पोट मारतो. ट्रान्स मुलगा उपाशी राहतो, कारण उपासमारीनं पाळी थांबते आणि कंबरेचा घेर जातो. ट्रान्स मुलगी उपाशी राहते, कारण खांदे बारीक दिसायला हवेत. नातेवाईक कौतुक करतात, ‘किती छान बारीक झालीस!’ मुलीचं लिंग मान्य करायला ज्यांना तीन वर्षं जड गेली, ते वजन मात्र तीन मिनिटांत मान्य करतात. खाण्याचे विकार ट्रान्स तरुणांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यात आपलं कौतुक म्हणजे आगीत साजूक तूप.

गंमत बघा. इस्ट्रोजेन चरबी कुठे ठेवायची ते सांगतं. कंबरेखाली, मांड्यांवर, गालांवर. हे तीन ते सहा महिन्यांत सुरू होतं आणि पुरतं व्हायला दोन ते पाच वर्षं लागतात. पण ठेवायलाच काही नसेल तर ते बिचारं ठेवणार काय? ज्या गोलाईसाठी गोळ्या घ्यायच्या, तीच उपाशी राहून झिजवायची. वर गोळ्या काम करत नाहीत म्हणून डॉक्टर बदलायचा. आधी वजन पाडायचं, मग मुद्दाम वाढवायचं, म्हणजे चरबी ‘बरोबर जागी’ जाते, असाही एक मंत्र कानोकानी फिरतो. मंत्राला पुराव्याची गरज नसते, हा त्याचा मोठा फायदा.

टेस्टोस्टेरॉनवाल्यांची गोष्ट उलटी. अठ्ठाविसाव्या वर्षी दुसऱ्यांदा वयात येणं म्हणजे काय, हे घरातल्या पोळ्यांच्या डब्याला विचारा. भूक अशी लागते की रात्री अकराला उरलेला भात, वर शेंगदाण्याची चटणी, वर दही. काटा चढतो. त्यात स्नायूही असतात, पण काट्याला ते दिसत नाहीत. घाबरून जिम लावली जाते. छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर आवळून ट्रेडमिलवर पळणं सुरू होतं, आणि श्वास पुरत नाही म्हणून ‘स्टॅमिना कमी आहे’ असा निष्कर्ष निघतो. अहो, फासळ्या आवळल्यात तर धाप लागणारच! बाइंडर काढून व्यायाम करावा, तर जिममध्ये कपडे बदलायच्या खोल्या दोनच. आणि दोन्हींत भुवया तेवढ्याच.

सल्लागारांची मात्र वानवा नाही. मराठी घरात आहाराचे दोन पक्ष केव्हाचे नांदतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे थोडं थोडं दर दोन तासांनी, तुपासकट. ट्रान्स माणूस निवांतपणे दोन्ही पक्षांचे व्हिडिओ बघतो आणि तिसऱ्याच चिंतेत असतो: माझ्या गोळीबरोबर यातलं काय चालतं?

तर ऐका, कारण हे व्हिडिओत नसतं. अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन्स, अडवायला स्पायरोनोलॅक्टोन घेत असाल तर ती गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. वाण्याकडचं ‘लो सोडियम’ मीठ तब्येतीला बरं म्हणून आणाल, तर त्यात सोडियमच्या जागी घातलेलं असतं ते बहुतेक पोटॅशियमच. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर हे आरोग्यदायी मीठ थेट हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. रोज शहाळी रिचवण्याआधीही डॉक्टरांना विचारा. हाडांना कॅल्शियम हवं, त्यासाठी परदेशी पावडर कशाला? शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. स्नायू टिकवायचे किंवा वाढवायचे, दोन्हीला प्रथिनं लागतात: मटकीची उसळ, अंडी, बोंबील, ताक-पिठलं. कंटाळवाणं आहे ना? तब्येत कंटाळवाणीच असते. म्हणून तर तिच्या रील्स होत नाहीत.

आणि ही उसळ शिजवायची कुठे? नाव ऐकून घरमालक नकार देतो, खानावळीच्या बाकावर शेजारची माणसं सरकून बसतात, पीजीमध्ये गॅस नाही. अशा माणसाला ‘बाहेरचं खाऊ नका’ सांगणं ही चेष्टा आहे. तो वडापाव खातो कारण वडापाववाला भाडेकरार मागत नाही.

वजनाची काळजी जिथे खरोखर करायला हवी, तिथे तर कुणी फिरकत नाही. डॉक्टरकडे अपमान होतो म्हणून कित्येक हिजडा आणि ट्रान्स स्त्रिया मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन त्यातलं इस्ट्रोजेन स्वतःच सुरू करतात, मनाला येईल त्या मापानं. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननं रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. वाढलेलं वजन आणि सिगारेट तो आणखी वाढवतात. इथे वजन उतरवणं म्हणजे जीव वाचवणं. पण इथे बीएमआय मोजायला कुणी येत नाही. काटा फक्त दार अडवायला निघतो.

कायदा? आहे की. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९च्या कायद्याच्या १५व्या कलमात शस्त्रक्रिया आली, हॉर्मोन उपचार आले, आधी-नंतरचं समुपदेशन आलं, विमाही आला. आहारतज्ज्ञ मात्र आला नाही. सरकारच्या मते शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर माणूस बोलतो, जेवत नाही.

म्हणून एक साधी मागणी. बीएमआय ३०च्या आत हवा म्हणणाऱ्या डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीवर किती महिन्यांत, कुठल्या आहारतज्ज्ञाकडून, कुठल्या गोळ्या सांभाळून आणि पुढची तारीख कोणती, तेही लिहावं. नुसता आकडा सांगायला रेल्वे स्टेशनवरचा काटा पुरेसा होता. तो नाणं टाकलं की वजन सांगायचा, आणि तिकिटाच्या मागे भविष्यही छापून द्यायचा.