टॅली

प्रत्येक सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक तरी काका असतात. मेंटेनन्सच्या हिशोबात सव्वा रुपयाचा फरक काढून अख्ख्या कमिटीला रात्री अकरापर्यंत बसवून ठेवतात, ते हेच. अशा माणसाच्या घरचा संगणक आपोआप बंद पडायला लागला, की बंद पडतो तो फक्त संगणक. काका सुरू होतात.

आमच्या काकांचा डेस्कटॉप 2010 चा, विंडोज 7 वाला. त्या विंडोजला मायक्रोसॉफ्टनं 14 जानेवारी 2020 रोजी रामराम ठोकला, तेव्हा काका म्हणाले होते, "त्यांनी हात वर केले असतील, मी नाही." कॅबिनेटला काकूंनी जुन्या पडद्यातून शिवलेलं लेसचं कव्हर आहे. मुलगा नवा लॅपटॉप पाठवतो म्हणाला, तर उत्तर आलं, "हा बिघडलाय कुठे? मध्येच डुलकी लागते एवढंच."

या डुलक्यांसाठी काकांनी दोनशे पानी रजिस्टर घातलंय. तारीख, वेळ, शेरा. शेरे दोनच : 'झोपला' आणि 'गेला'. दिवा लुकलुकत राहिला आणि कीबोर्डला हात लावल्यावर जाग आली, तर झोपला. दिवा, पंखा, सगळंच ठार, तर गेला. हसू नका, हा फरक दुरुस्तीला येणाऱ्या पोरांनाही चटकन सुचत नाही. संगणक झोपतो तो कुणाच्या तरी हुकमानं, सेटिंगच्या नाहीतर बटणाच्या. जातो तो बहुधा उष्णतेनं, थकलेल्या एसएमपीएसनं किंवा विजेच्या लहरीनं.

दुरुस्तीवाला पोरगा आला आणि आल्या आल्या म्हणाला, "काका, फॉरमॅट मारतो."

"आधी कारण लेखी दे."

पोरानं मुकाट्यानं रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, परत बसवली. प्रोसेसरवरचा पंखा उचलला, तर खालच्या पात्यांमध्ये धुळीचा गोधडीएवढा थर आणि थर्मल पेस्टची पार खपली झालेली. ब्रशनं सगळं झाडलं, नवी पेस्ट लावली, वर एसएमपीएसही बदलला. दोन दिवस ठणठणीत. तिसऱ्या दिवशी रजिस्टरात नोंद : 'सायं. 6.40, झोपला.'

त्याच रात्री काकांना इव्हेंट व्ह्यूअर सापडला. संगणक स्वतःही रजिस्टर ठेवतो, तेही सेकंदासकट, हे कळल्यावर माणूस हरखून गेला. "अरे, हा तर आपल्यातलाच!" पण दोन्ही रजिस्टरं टॅली होईनात, कारण संगणकाचं घड्याळ मागे पडत होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सेल बदलला, तेव्हा पुढच्या नोंदी जुळल्या. 'गेला'समोर 41 नंबरची नोंद निघाली : यंत्रणा नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली. म्हणजे जे काकांनी डोळ्यांनी पाहिलं तेच, फक्त इंग्रजीतून. 'झोपला'समोर मात्र 42 नंबर, आणि कारणासकट : बटण किंवा झाकण.

काका भडकले. "झाकण? डेस्कटॉपला झाकण असतं? आणि बटणाला हात कोण लावतंय, मी समोर बसलोय ना! आमच्या बँकेत अशी खोटी नोंद केली असती तर मेमो मिळाला असता."

काकू गवार निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या वहीतली पहिली नोंद कधीची?"

काकांनी पान उलटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"आणि दसऱ्याला पूजा कुणी केली?"

यंत्राची पूजा करायची तर हळदकुंकू कुठे लावायचं? काकांना सगळ्यात मानाची जागा वाटली ती पॉवरचं बटण. ओलं कुंकू खाचेत उतरलं, वरून अक्षता पडल्या, सगळं वाळलं, आणि तेव्हापासून बटण अर्धवट आतच चिकटून होतं. टेबलाला जरा गुडघा लागला की ते आत टेकायचं आणि संगणक आज्ञाधारकपणे झोपी जायचा. चारेक सेकंद आतच राहिलं की सक्तीनं बंद. बिचारी 42 नंबरची नोंद अक्षरशः खरी होती. झाकणाचं तेवढं सोडून द्या.

कानातल्या काडीला स्पिरिट लावून काकूंनी खाच साफ केली. तांदळाचा एक दाणा बाहेर आला, तो काकांनी पुरावा म्हणून रजिस्टरात सेलोटेपनं चिकटवलाय. खाली लाल शाईत : 'फरक सापडला. खाते बंद.'

संगणक आता चालतो. एसएमपीएसचे पैसे कुठल्या खात्यावर टाकायचे, हा वाद तेवढा चालू आहे. काका म्हणतात दुरुस्ती. काकू म्हणतात देवधर्म.