जबड्याची कटकट

(गुडीहत्नूरचा चौक. ४४ क्रमांकाच्या महामार्गावरून नागपूर-हैदराबाद लॉऱ्या सुसाट चालल्या आहेत. इंद्रवेल्ली-उट्नूरकडचे ऑटो माणसं भरण्याची वाट पाहत उभे. बाकावर एक खर्राप्रेमी, एक निवृत्त मास्तर आणि एक दंतवैद्य बाई. खर्राप्रेमीच्या गालात ऐवज आहे, तेव्हा त्याची वाक्यं वाचकांनी जरा जाड आवाजात वाचावीत.)

खर्राप्रेमी : मॅडम, एक फुकटचं विचारू काय? तोंड उघडलं की कानापाशी कट्ट वाजते. बायको म्हणते, जेवाले बसले की पहिले तुमचा आवाज येते, मंग ताटाचा. जबडा बदलाव लागते काय?

दंतवैद्य : दार किरकिरतं म्हणून कुणी घर पाडत नाही, काका. कानाच्या पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली जे हललं तो जबड्याचा सांधा. तो आधी फिरतो आणि मग पुढे सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते. ती जागेवरून थोडी हलली की जबड्याचं टोक तिच्यावर चढताना आवाज होतो. धडधाकट माणसांतही तो सर्रास आढळतो. नुसता आवाज आहे, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर उपचारच नको. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला, कानशिलं ठणकतात, घास चावताना कानापुढे दुखतं, उघडताना हनुवटी एका बाजूला जाते, कान दुखतो पण कानाच्या डॉक्टरला आत काही सापडत नाही, असं काही असेल तर मात्र दुखण्याची सुरुवात झाली म्हणायची. आणि वर्षानुवर्षं वाजणारा आवाज एके दिवशी एकदम थांबला, त्याबरोबर तोंडही अर्धंच उघडू लागलं, तर पेढे वाटू नका. चकती पुढे अडकून बसली असण्याचा संभव असतो, तेव्हा लगेच दाखवायचं.

मास्तर : पण डॉक्टर, मूळ दोष दातांतच असणार ना? माझ्या दाढा पडल्या, चावणं वाकडं झालं, म्हणून सांधा बिघडला. दात घासून नीट जुळवले की प्रश्न मिटला. तर्काला धरून आहे.

दंतवैद्य : तर्काला धरून आहे, गुरुजी, आणि हा तर्क जुनाही आहे. १९३४ साली अमेरिकेतले कानाचे डॉक्टर कॉस्टेन यांनी जवळपास हेच मांडलं होतं: दाढा गेल्या, जबडा मागे दबला, म्हणून कान आणि डोकं दुखतं. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी त्यांचं स्पष्टीकरण खोडून काढलं. वाकड्या दातांची कितीतरी माणसं मजेत ऊस सोलून खातात, आणि ओळीत बसवल्यासारखे दात असलेली माणसं जबडा धरून बसतात. सुरुवातीच्या दुखण्यात बहुतेकदा सांध्याइतकाच, किंबहुना जास्त, दोष असतो तो चावण्याच्या स्नायूंचा. ते थकतात ते दात आवळून धरल्यानं. एरवी दिवसभरात, जेवण धरूनसुद्धा, वरचे-खालचे दात मोजक्या मिनिटांपुरतेच एकमेकांना टेकायला हवेत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला अलगद, ही जबड्याची विश्रांती. कापसाचा भाव ऐकताना तुमचे दात कुठे असतात ते एकदा बघा.

खर्राप्रेमी : कापसाचा भाव ऐकून तर दातच पडतीन, मॅडम. पण मी म्हणतो, कसरतीनं अंग बनते. मी सकाळपासून रात्रीपर्यंत खर्रा चावतो, म्हंजे जबड्याची कसरतच झाली ना? मंग काहून दुखते?

दंतवैद्य : कसरत करणारा पहिलवान रात्री तालीम बंद करून झोपतो, काका. तुमची तालीम चोवीस तास उघडी. दुखऱ्या जबड्याला पहिले काही आठवडे खरंच सुट्टी द्यायची. कडक भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून खा, हाडं चोखणं थांबवा, घास लहान घ्या, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, गालाला हात लावून बसू नका. कोमट ओल्या कापडानं दहा-पंधरा मिनिटं शेका. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस. रात्री दात खात असाल तर दातांवर घालायची पट्टी मिळते. ती दात झिजू देत नाही, पण सगळ्यांचं दुखणं तिनं जातंच असं नाही. बहुतेकांना एवढ्या साध्या गोष्टींवर आराम पडतो.

मास्तर : हे तर आजीच्या बटव्यासारखं झालं. विज्ञान एवढं पुढे गेलं आणि तुम्ही म्हणता भाकरी कुस्करा! सांधा खराब आहे तर ऑपरेशन करून चकती बदला की.

दंतवैद्य : बदलून पाहिली आहे, गुरुजी. १९८०च्या दशकात अमेरिकेत चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेले तुकडे बसवले. चावता चावता ते झिजले, त्यांच्या कणांपायी आजूबाजूचं हाड झडलं, आणि १९९०च्या सुमारास तिथल्या औषध प्रशासनाला ते परत मागवावे लागले. किती माणसं जन्माची अधू झाली! ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २०२३मध्ये जुनाट दुखण्यासाठी जी मार्गदर्शिका छापली, तीही देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हातानं केलेले उपचार आणि ताण हाताळायला शिकवणारं समुपदेशन यांना वर ठेवते. दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या पट्ट्या आणि चकती काढणं यांच्या ठाम विरोधात आहे. शस्त्रक्रिया कधीच नको असं नाही, थोड्यांना ती लागतेच. पण जे परत फिरवता येत नाही ते शेवटी करायचं. आजीच्या बटव्याची टिंगल करताना हेही मोजा.

खर्राप्रेमी : पटलं. पण माझं आता तिखटही लय झोंबते. आणि पहिल्यासारखा मोठा घास जात नाही. हेही सांध्याचंच?

दंतवैद्य : थांबा. हे आधी सांगायला हवं होतं. तोंड कमी उघडण्याची सगळी कारणं सांध्यात नसतात. जखम झाल्यावर जबडा आखडला तर धनुर्वात, चालताना छातीबरोबर जबडा दुखला तर हृदय; या दोन्हींत घरी शेकत बसायचं नाही. आणि आपल्या भागातलं तिसरं कारण तुमच्या गालात आहे: खर्रा, म्हणजे सुपारी आणि तंबाखू. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठतात, गाल पांढुरका आणि ताठ होतो, तिखट सोसत नाही. १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशींनी आपल्याकडे हे नोंदवलं. सांध्याच्या दुखण्यानं जीव जात नाही. हे मात्र कर्करोगाच्या वाटेवरचं आहे. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४च्या अहवालात म्हटलं आहे.

मास्तर : पण अर्धं गाव खर्रा खातं. सगळ्यांची तोंडं कुठे बंद झाली? उलट फार चालतात.

दंतवैद्य : सगळ्यांना होत नाही, खरं आहे. कुणाला होणार हे मात्र आधी कळत नाही, आणि एकदा घट्ट झालेले तंतू सहसा विरघळत नाहीत. सुपारी सोडल्यानं पुढचं थांबू शकतं. शिवाय खर्रा चघळून स्नायूही थकतात, म्हणजे एकाच पुडीत दोन्ही दुखणी. ओळखायला सोपं आहे. काका, गालातलं थुंका, आणि स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. साधारण माणसाची जातात, चाळीसेक मिलिमीटर होतं ते.

खर्राप्रेमी : (घालून) दोनच गेली. तिसऱ्याले जागा नाही.

दंतवैद्य : मग शेक आणि कुस्करलेली भाकरी नंतर. खर्रा आजपासून बंद, आणि आजच आदिलाबादला रिम्स रुग्णालयात जाऊन तोंड दाखवा. मास्तर, तुम्हीही बरोबर जा. बोटं घालून बघायला तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही.