बनी तो बनी

मी ऑपरेटिंग सिस्टीम सोर्स कोडपासून बिल्ड करतो. हे वाक्य पुण्यात बोललो, तर समोरचा "झेफिर का?" एवढंच विचारतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घालतो. परभणीकडे तेच वाक्य बोललं की क्षणभर सगळे गप्प होतात. ही शांतता मला भारी आवडते. रजेच्या अर्जावर मी हुरडा, आईची तब्येत, शेतीचं काम असं काहीबाही लिहितो. गावी येतो तो या शांततेसाठी.

ती फार वेळ टिकत नाही, एवढाच तिच्यात दोष. पारावरचं कुणीतरी विचारतंच, "कामून? तयार भेटत नाही का?"

तयार मिळते. फुकटही मिळते. लहान यंत्रांच्या पोटात चालणाऱ्या, ठरलेल्या क्षणी ठरलेलं काम करायलाच हवं अशा 'रिअल टाइम' जातीच्या या सिस्टीम. फ्रीआरटीओएस रिचर्ड बॅरीनं २००३ साली आणली, आज ती अ‍ॅमेझॉनच्या देखरेखीखाली आहे. झेफिर २०१६ साली लिनक्स फाउंडेशननं जाहीर केली. दोन्हींचा कोड जगापुढं उघडा पडलेला आहे. कुणीही घ्यावा, वापरावा. पण तयार घेऊन वापरणाऱ्याला पारावर कोण विचारतं?

परभणीला तंत्राचं वावडं आहे, असं मात्र कुणी समजू नये. १९७२ पासून इथं कृषी विद्यापीठ आहे आणि तिथं रोबोट, ड्रोन आणि आपोआप चालणाऱ्या गाड्यांचं शिक्षण-संशोधनही चालतं. ड्रोनचा मेंदू पुष्कळदा नटएक्स किंवा चिबीओएस या असल्याच सिस्टीमवर चालतो, हे मी गावात अनेकांना न विचारता सांगितलेलं आहे. तरी परभणीत क्रांती म्हटलं की लोकांना भेंडीच आठवते. 'परभणी क्रांती' हा वाण विद्यापीठानं काढला तो केवडा रोगाला तोंड देण्यासाठी, आणि त्यासाठी त्यांनी थेट रानभेंडीशी संकर केला. म्हणजे तेही सोर्सपासूनच बिल्ड. फरक इतकाच की त्यांची भेंडी लोकांनी खाल्ली.

मला दादाच्या विहिरीवरच्या मोटारीला मेंदू बसवायचा होता. तीनपैकी एक फेज गेला की मोटार जळते, आणि मग ती भरून आणायला हजारो रुपये मोजावे लागतात. माझा मेंदू तिन्ही फेजवर डोळा ठेवणार, एक जरी हलला तरी काही मिलिसेकंदांत मोटार तोडणार, लाइट आली की आपण होऊन चालू करणार. हा बेत मी मोटारी भरणाऱ्या कारागिराला दुकानात उभं राहून सविस्तर समजावला. त्यानं हातातली तांब्याची तार न सोडता भिंतीकडं मान केली. तिथं खिळ्याला सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ऑटो लटकत होते. माझ्या यादीतली सगळी कामं ते दोघं मिळून करत होते, कित्येक वर्षांपासून, आणि त्यांत ऑपरेटिंग सिस्टीम नावाला नव्हती. "आता सांगा," तो म्हणाला, "तुमच्यात जास्तीचं काय आहे?"

जास्तीचं मी होतो. पण हे असं दुकानात सांगता येत नाही.

मग गच्चीवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, झेफिरचा पसारा उतरवायला सुरुवात केली. 'वेस्ट अपडेट' असा हुकूम दिला की ती आपल्या साऱ्या गोतावळ्याला बोलावून घेते: ज्या कंपन्यांच्या चिपा आपण आयुष्यात पाहणार नाही, त्यांची सुद्धा ग्रंथालयं. वर कम्पायलरचं बोचकं वेगळं. काही जीबी उतरले. ज्या बोर्डासाठी हा खटाटोप, त्या 'ब्लू पिल'ची रॅम २० केबी आणि फ्लॅश ६४ केबी. शिवाय बोर्ड डुप्लिकेट निघाला. चिपनं आपली ओळख सांगताना पहिला आकडा १ सांगायला हवा, तिनं २ सांगितला, आणि प्रोग्रॅम चढवणाऱ्या सॉफ्टवेअरनं अशा तोतयाला हात लावणार नाही म्हणून सांगितलं. त्याची समजूत घालावी लागली.

बिल्ड चालू झाला की पडद्यावर फायलींचा आकडा पुढं सरकत राहतो, आणि तो सरकत असताना माझा चेहरा जबाबदार दिसतो, असं मला वाटतं. दादा मागं येऊन उभा राहिला. आमच्या जिल्ह्याच्या नशिबी एक म्हण आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी. दादानं ती तिथंच वापरली. "बनी का?" एकदा डिव्हाइस ट्रीच्या फाइलमध्ये अर्धविराम राहिला आणि आकडा मधेच थांबला, तेव्हा त्यानं उरलेली अर्धी म्हण पुरी केली.

शेवटी बनी. झेफिर शेवटी एक छोटा तक्ता छापते: फ्लॅश इतके टक्के वापरली, रॅम इतके टक्के. तो तक्ता मी दादाला वाचून दाखवला. मग बोर्डावरचा ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान दिवा लागला, विझला, लागला.

"बरं मग?" वहिनी म्हणाली.

या बोर्डाची एक खोड आहे. त्याच्या दिव्याला शून्य दिलं की तो लागतो आणि एक दिलं की विझतो. हे मी सांगितल्यावर दादाला माझ्या शिक्षणात पहिल्यांदा रस वाटला. लाइट न देता लागणारा दिवा त्याला दोन-चार हवे होते.

आता इथं मला थोडं लग्नात जावं लागेल, कारण रिअल टाइम म्हणजे काय हे मी गावात प्रत्येकाला लग्नावरूनच समजावतो. पत्रिकेवरचा मुहूर्त दुपारी साडेबाराचा, अक्षता पडतात तीनला, आणि संसार तरीही सुखाचे होतात. ही झाली मवाळ मुदत. मोटार अशी नसते. तिला मुहूर्त टळलेला चालत नाही.

तर समजा, मुहूर्त जवळ आला आहे. गुरुजी ताटकळले आहेत, कारण मंगळसूत्र जानोशाच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली धाकट्या आत्याच्या मुलाकडं. लग्नात या पोराला कुत्रं विचारत नाही. म्हणजे सगळ्यांत मोठं काम सगळ्यांत लहान माणसावाचून अडलं आहे. एवढ्यानं बिघडत नाही. पोरगं धावत जाईल आणि कपाट उघडेल. पण वाटेत जावई बसलेले असतात. एक म्हणतो, अरे, जरा पाणी आण. दुसरा म्हणतो, पंखा बंद पडलाय, वायरमनला बघ. तिसऱ्या जावयाला सुपारी हवी असते. जावयांना ना किल्ली पाहिजे, ना मंगळसूत्र. मानानं ते गुरुजींच्या खाली आणि पोराच्या वर. पण पोरगं त्यांना नाही म्हणू शकत नाही, आणि गुरुजी पोरावाचून हलू शकत नाहीत. म्हणजे गुरुजींना रोखून धरलं कुणी? जावयांनी, आणि ते त्यांच्या गावीही नाही. अखेर मंडपाच्या कोपऱ्यातले आजोबा घड्याळ बघतात, कडाडतात, आणि सगळा विधी पहिल्यापासून सुरू करायला लावतात.

लग्नाच्या गोष्टीत मंगळ यायचाच. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. त्यात व्हीएक्सवर्क्स ही रिअल टाइम सिस्टीम होती. काही दिवसांनी यान आपलं आपण रीसेट व्हायला लागलं आणि दिवसाचं राहिलेलं काम तसंच पडू लागलं. तपास केला तर तेच लग्न! हवामानाच्या नोंदी घेणारं खालच्या मानाचं काम सामायिक वाटेची किल्ली धरून बसलेलं, त्या वाटेचा कारभार बघणारं वरच्या मानाचं काम ताटकळलेलं, आणि मधली कामं पोराला पाणी आणायला पाठवत होती. वॉचडॉग नावाचे आजोबा घड्याळ बघून सगळं पहिल्यापासून सुरू करत होते. इंजिनियरांनी जुळ्या यंत्रावर तोच गोंधळ घडवून आणला आणि उपाय पाठवला. उपाय नवा नव्हता. ल्यूई शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी तो १९९० सालच्या निबंधात मांडला होता, आणि व्हीएक्सवर्क्समध्ये तो होताही, फक्त बंद ठेवलेला. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्यासाठी जो थांबलाय त्याचा मान किल्लीवाल्याला द्या, कपाट उघडेपर्यंत. म्हणजे आत्याचं पोरगं तेवढ्यापुरतं गुरुजी. कुठल्या जावयाची छाती आहे गुरुजींना पाणी मागायची? कोट्यवधी किलोमीटरवर एक खूण बदलली आणि यान ताळ्यावर आलं.

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आमचे जावई हल्ली स्वतः उठून पाणी घेतात.

दादाला ती मी सांगितली तेव्हा पौषातली थंडी होती आणि त्याची रात्रपाळी होती. शेतीच्या फीडरला थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला गजर वाजतो, हा उठतो, कानटोपी, बॅटरी, काठी. एकदा हट्टानं मीही गेलो. मोटार ऑटोनं आधीच चालू झाली होती. तिथं माझ्या मेंदूला काही काम नव्हतं. काम होतं गव्हात. एका वाफ्यात पाणी भरलं की फावड्यानं दारं फोडायचं, आधीचं बुजवायचं, पुढं सरकायचं. गुडघ्यापर्यंत गारठ्याचा चिखल, आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी बॅटरीचा झोत जमिनीवर, कारण बांधावरची लांबट वस्तू दर वेळी पाइपच असेल असं नाही. वाफा भरून वाहायच्या आत दारं फिरलंच पाहिजे. ही मुदत मवाळ नाही. असं पहाटेपर्यंत. नंतर तो माणूस धारा काढायला जातो. मी झोपायला गेलो.

तेव्हा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. सगळ्यांच्या ताटातल्या गव्हाची किल्ली या माणसाच्या हातात, आणि विजेच्या यादीत हा तळाला. वर ताटकळलेले सगळे आहेत, मधे जावई आहेत. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. जिथं दिवसाची वीज पोचली, तिथं शेतकरी रात्री झोपतो. आमच्या शिवारात यायला तिला मंगळापेक्षा जास्त वेळ का लागावा, हे मला कुठल्याच सोर्स कोडमध्ये सापडलं नाही.

दादाला असला राग परवडत नाही. तो कामाचं बोलला. "हे बग, लाइट आली की डीपीवरच्या समद्याच्या मोटारी एकदम चालू होतात. सगळ्यांला ऑटो हायेत. मग डीपी जळतो अन् आठ-आठ दिवस अंधार. तुझ्या त्या दिव्याला मोटारी एकामागं एक सोडता येतील का?"

येतील की. हे तर कामांचा क्रम लावणाऱ्या शेड्युलरचं कामच. भिंतीवरच्या ऑटोला ते जमत नाही. जास्तीचं काय, या प्रश्नाला अखेर उत्तर मिळालं होतं. मी पारावर सगळ्यांना जमवलं आणि योजना मांडली. शांतता पसरली, या वेळची जरा लांब टिकली. मग प्रश्न आला, पहिला नंबर कुणाचा?

इथं मी तपशिलात शिरलो, कारण मला तपशिलात शिरायला आवडतं. झेफिरमध्ये आकडा जितका लहान तितका मान मोठा, असं सांगितलं. शून्याचा मान एकापेक्षा जास्त. आणि शून्याच्याही खाली, उण्या आकड्याचं काम एकदा सुरू झालं की ते आपण होऊन सोडेपर्यंत दुसरं कुठलंच काम त्याला बाजूला सारू शकत नाही.

योजना अजून पारावरच आहे. पण गावात माझा भाव वाढला. सरपंचांसकट प्रत्येक जण एकटा गाठून, खांद्यावर हात टाकून, आवाज खाली करून विचारतो, "सायेब, आपल्याला तेवढं मायनसमध्ये बसवता का?"