शोधायची मजुरी

ट्रकच्या गॅरेजात सगळ्या कामांना दर असतो. क्लच प्लेट बदलायचे इतके, हेड उतरवून गॅस्केट टाकायचे इतके, कमानीचा तुटका पाटा बदलायचे इतके. टॅपेट सेटिंग, हबचं ग्रीस, सेल्फ काढून परत बसवणं, सगळं ठरलेलं. घासाघीस कुठपर्यंत ताणायची आणि कोणत्या आकड्याला चहा मागवायचा, हेसुद्धा ठरलेलं. दर नाही असं काम एकच: नेमकं काय बिघडलंय ते शोधणं. ते आम्ही गाडी गॅरेजात वळता वळताच उरकतो, असा मालकलोकांचा समज आहे. कराडच्या बाहेर सर्व्हिस रोडला इतकी वर्षं गॅरेज चालवूनही हा समज मला मोडता आलेला नाही. खोलण्याबसवण्यापेक्षा माझा दिवस शोधण्यातच जास्त जातो, पण बिलबुकात त्यासाठी ओळ छापलेली नाही.

शोध सुरू होतो ड्रायव्हरपासून. मालक शेजारी उभा असेल तर ड्रायव्हरचं म्हणणं एकच असतं, आपोआप झालं.

"गाडी गरम झाली होती का?"

"नाही मिस्त्री."

"पाणी कमी होत होतं?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"साताऱ्यापासून दोन कॅन घातलं."

मग मी मालकाला टपरीवर चहाला पाठवतो. तो लांब गेला की खरी हकिगत बाहेर येते. काटा लाल पट्ट्यात गेला होता, पण माल वेळेत पोचवायचा होता, म्हणून काट्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं. मालकांना पाजलेला हा चहा स्पेअर पार्ट म्हणून बिलात लावावा, असं कित्येकदा मनात येतं.

आमच्या हायवेला सगळ्या देशाचे ड्रायव्हर येतात. नामक्कलचा येतो, पंजाबचा येतो, बीडचा येतो. भाषा निरनिराळ्या, पण दुखणं सांगायची रीत एक. तोंडाने आवाज काढून दाखवायचा. एका तमिळ ड्रायव्हरने मला हात तिरपा वर नेत "टक, टक, टक" केलं, मग हात आडवा धरून तोंड मिटलं, मग गिअर टाकल्याची खूण करून पुन्हा एकदाच मोठ्याने "टक!" केलं. म्हणजे चढाला येतो, सपाटीला जातो, क्लच सोडताना दणका बसतो. शाफ्टचा क्रॉस गेला होता. त्या माणसाला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि मला तमिळचा. याउलट गावातले मालक येतात आणि म्हणतात, "आवाज येतोय." कसला? "तसलाच."

कधी हा तपास फोनवर करायचा असतो. गाडी कुंभार्ली घाटात उभी, रेंज येते-जाते, आणि ड्रायव्हर म्हणतो, "ऐका आता," आणि फोन इंजिनाजवळ धरतो. मला ऐकू येतो तो वारा, मागे अडकलेल्या एसटीचा हॉर्न आणि गाडी बाजूला घे म्हणून ओरडणारा कंडक्टर. त्यातून मी सांगायचं असतं की नोझल गेलंय का बेल्ट.

आणि गाडी प्रत्यक्ष दारात आली तरी ती बोलेलच असं नाही. रस्त्याला तीनदा बंद पडलेली गाडी गॅरेजात एका सेल्फला सुरू होते आणि दिवसभर मऊ फिरत राहते. ड्रायव्हर शपथा घेतो, "लोडमध्ये करते, मिस्त्री." ते खरंच असतं. वीस टन साखर पाठीवर असताना इंजिनाला जितकं डिझेल आणि जितकी हवा लागते, तितकी रिकाम्या गाडीला लागतच नाही. अर्धवट चोंदलेला फिल्टर, टर्बोच्या होजची बारीक चीर या गोष्टी चढावरच उघड्या पडतात. पण माल भरलेली गाडी कोण गॅरेजात उभी करतो? ती माल टाकून, रिकामी होऊनच येते. दुखणं लोडमधलं, तपासणी रिकाम्यातली.

आत बघायचं तर केबिन उचलावी लागते. जुन्या गाड्यांना इंजिनाचं झाकण आतच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं. ते उचललं की काम सुरू, फक्त मांडीला चटके बसायचे. आता हायड्रॉलिकचं हँडल मारत मारत पुरी केबिन पुढे कलंडवायची. त्याआधी मी सांगतो, आतलं सगळं बाहेर काढा, आणि मग एक संसार बाहेर येतो. घोंगडं, स्टोव्ह, दोन पातेली, तांदळाचा डबा, कांद्याची पिशवी, न धुतलेले कपडे, ठेवणीतला इस्त्रीचा एक शर्ट, पाण्याची कॅन, आणि आदल्याच महिन्यात सोडलेल्या तंबाखूच्या पुड्या. देव तेवढे आत राहतात, कारण ते डॅशबोर्डला चिकटवलेले असतात. "सगळं काढलं?" "सगळं काढलं." केबिन कलते आणि कुठून तरी एक डबा घरंगळत येऊन काचेवर आदळतो. एकदा तो लोणच्याचा निघाला. त्या गाडीत पुढे कित्येक दिवस बसल्या बसल्या भूक लागायची.

केबिन वर गेली की ड्रायव्हर बेघर होतो. उलट्या बादलीवर बसून तो आपल्या सामानाची राखण करतो आणि दर थोड्या वेळाने विचारतो, "आज होईल का?" त्याची ती घाई मला मालकाच्या घाईपेक्षा जास्त लागते. मालकाला रात्री घरी जायचं असतं, याला झोपायला जागाच उरलेली नसते. कधी चेसिसच्या बेचक्यात अनोळखी गॅरेजचा बारा-तेराचा पाना सापडतो. कुठल्या राज्यातून निघून कुठे फिरून आलेला असतो देव जाणे. माझे जे पाने खंडेनवमीला पूजेत भरत नाहीत, तेही असेच देश बघत असतील.

तसं बघितलं तर डिझेल इंजिन साधं आहे. त्याला ठिणगी लागत नाही. आत घेतलेली हवा सतरा-अठरा पट दाबायची, दाबून ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्या तापल्या हवेत डिझेल फवारायचं, ते आपोआप पेटतं. हवा, डिझेल आणि दाब, बिघडायला इतक्याच जागा. प्रत्येक जागेला वीस कारणं असतात, ही गोष्ट वेगळी. त्यात धुराची मदत होते आणि धूर बघायला पैसे पडत नाहीत. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरतंय. थंडीत पहाटे पांढरा धूर सगळ्याच गाड्या थोडा टाकतात, तेवढ्यावरून इंजिन खोलायला निघालेले मिस्त्रीही मी पाहिलेत. उसाच्या हंगामात एक गाडी काळाकुट्ट धूर टाकत आली. टर्बो बदलायचं मालकाने कुठून तरी ठरवूनच आणलं होतं. मी आधी एअर फिल्टर काढला. त्यातून निघालेल्या मातीत मेथीचा एक वाफा झाला असता. फिल्टर बदलला, धूर गेला, आणि टर्बोचे पैसे वाचले म्हणून खूश होण्याऐवजी मालक जरा नाराजच झाले. इतकंच होतं?

जुन्या पंपाच्या इंजिनांना शोधाची एक सोपी युक्ती होती. इंजिन चालू ठेवायचं आणि नोझलच्या पाइपचे नट एकेक करून ढिले करायचे. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिन गचका खातं. ज्याचा नट सोडला तरी इंजिनाला काही वाटत नाही, तो सिलिंडर आधीच बसलेला. टाकी कोरडी पडून हवा धरली तरी हातपंप मारायचा, स्क्रू ढिला करायचा, फेस जाऊन निव्वळ डिझेल आलं की घट्ट करायचा. सहा सिलिंडरचा 1-5-3-6-2-4 हा क्रम तर आमच्या पिढीचे मिस्त्री झोपेतही सांगतील. आता कॉमन रेल आलं. जुनं नोझल दोनशे-अडीचशे बारला उघडायचं. या रेलमध्ये 1600 बार आणि त्याहून वर दाब असतो. ट्रकच्या टायरमध्ये असतो आठ बार. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची पाळी येते. म्हणून गॅरेजात नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी मी त्याला काय करायचं ते सांगत नाही. कशाला हात लावायचा नाही, तेवढंच सांगतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि ट्रकला दुसरी टाकी कायमची चिकटली, युरियाच्या पाण्याची. शुद्ध केलेल्या पाण्यात 32.5 टक्के युरिया. तो सायलेन्सरच्या वाटेवर फवारला की उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी होतं. योजना सुंदर आहे. पण आमचा भाग शेतीचा, आणि घरात युरियाचं पोतं पडलेलं असताना बाहेरून विकत युरिया का आणायचा, हा प्रश्न एकाला पडलाच. शेतातला युरिया 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच येतो. पिकाला ते चांगलं असेल, फवाऱ्याच्या बारीक भोकाला नाही. नळी खोलली तर आत पांढरे खडे, आणि गाडीने स्वतःची ताकद स्वतःच कमी करून घेतलेली. "पण मिस्त्री, युरिया तो युरियाच ना?" त्यांच्या प्रश्नात चूक काढणं अवघड होतं. मी बिलात चूक काढून दाखवली.

या नव्या गाड्यांबरोबर स्कॅनर आला आणि शोधायचं काम संपलं, असं सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. पिन जोडायची, पडद्यावर कोड येतो, तो पार्ट बदलायचा. माझा स्कॅनरवर राग नाही. तो नसता तर मी केव्हाच गॅरेज बंद केलं असतं. पण कोड हा वर्गातल्या चुगलखोर पोरासारखा असतो. गोंधळ झाला हे तो सांगतो, कुणी केला हे त्याला माहीत असेलच असं नाही. आणि बऱ्याच वेळा, जो ओरडतो त्यालाच आपण उठवून बाहेर काढतो. धुरात विषारी वायू जास्त आहे असं सेन्सर ओरडला की सेन्सर बदलतात, आणि त्याची किंमत ऐकून मालक मिळेल त्या टायरवर बसतो. मुळात नळीत खडे असतात.

शोधायच्या मजुरीच्या बाबतीत रुडॉल्फ डिझेल नशीबवान. 1893 मध्ये आउग्सबुर्गला त्याने इंजिन पहिल्यांदा चालवून बघितलं तेव्हा दाब मोजायचं यंत्रच फुटलं. पुढे 1897 मध्ये जाऊन ते इंजिन नीट चाललं. मधली चार वर्षं माणूस काय करत होता? शोधत होता. आणि त्या शोधण्याचा खर्च आउग्सबुर्गचा कारखाना आणि क्रुप यांनी सोसला. पुढे त्याचं फार बरं झालं नाही, 1913 मध्ये बोटीवरून तो नाहीसा झाला, ते वेगळं. पण काय बदललं ते दाखवा, तरच पैसे देतो, असं त्याला त्या चार वर्षांत कुणी म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

मला म्हणतात. गेल्या हंगामात एक दहा टायरची गाडी आली. कधी सेल्फ ओढायचा नाही, कधी चालता चालता दम टाकायची, आणि स्कॅनरवर एकमेकांशी काही नातं नसलेले कोड. हवेचा एक, युरियाचा एक, ब्रेकचा एक. कुठे तरी दोन सेन्सर बदलूनही झाले होते. इतके जण एकदम बिघडत नाहीत, तेव्हा सगळ्यांचं पाणी जिथून येतं ती विहीर बघावी म्हणून मी मल्टिमीटर घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक इंजिनाच्या अंगाला, आणि पोराला सेल्फ मारायला लावला. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं तिथे दोनच्या वर दाखवू लागलं. अर्थिंगची जाड वायर वरून धडधाकट, आणि चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली तिथे खालून हिरवा गंज. सोडली, घासली, परत आवळली. तेवढं करायला पाव तास लागला. तिथवर पोचायला दोन दिवस लागले होते.

मालक बिल बघायला आले. आमच्याकडे पद्धत अशी की काढलेला जुना पार्ट पोत्यात घालून मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे बदलल्याची खात्री.

"जुना पार्ट कुठाय?"

"नाही. काही बदललंच नाही."

"मग पैसे कशाचे?"

"सापडलं त्याचे."

मालक गाडीभोवती एक चक्कर मारून आले. सेल्फ मारून बघितला. दोनदा बघितला. कोड गेलेले, गाडी मऊ. माणूस वाईट नव्हता, पैसे द्यायचे नव्हते असंही नाही. द्यायला कारण सापडत नव्हतं.

"असं करा," ते म्हणाले, "सगळीकडे ग्रीस तरी मारून द्या."

पोरगं ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरलं. मालक बाहेरून वाकून एकेक निपल मोजत होते, एक राहिला तो त्यांनीच दाखवला. मी बिलावर 'ग्रीसिंग व इतर' असं लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, पन्नास रुपये कमी करून घेतले आणि समाधानाने बाकीचे मोजून दिले.