दोन डब्यांची काळी बिअर : नागपूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सर्वप्रथम, घरी बिअर होते आहे हे वर्ध्याच्या पाहुण्यांना कळू देऊ नये. त्यांच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे आणि नागपूर तिथून हाकेच्या अंतरावर. बातमी फुटली की दूरदूरचे मेहुणेही लग्नाचं आमंत्रण नसताना मुक्कामाला येतात आणि वीस लिटर कुठल्या कुठे जातं.

दुसरी गरज भाच्याची. तो ऑस्ट्रेलियात नोकरीला असावा. ॲडलेडला कूपर्स या घराण्याची १८६२ पासूनची ब्रुअरी आहे. ती माल्टचा अर्क डब्यात भरून विकते. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड रस आटवलेला, त्यात हॉप्स या फुलांचा कडूपणा आधीच उतरवलेला, दिसायला थेट काकवी. एका डब्यात १.७ किलो. रीत अशी की एक डबा, किलोभर साखर आणि पाणी घालून २३ लिटर करायचे. त्यातून सभ्य बिअर होते. पण आपण तर्री-पोह्यावर दुसऱ्यांदा तर्री ओतून घेणारी माणसं. म्हणून डबे दोन घ्यावेत, एक स्टाउटचा, एक डार्क एलचा, आणि पाणी २० लिटरवर थांबवावं. साखरेऐवजी गूळ चालतो. रंग आणखी काळा येतो आणि आपणही काही भर घातली असं वाटतं. भाच्याच्या बॅगेत मावशीची चॉकलेटं आणि मामाचे डबे यांचा वजनावरून तंटा होईल. मामानं माघार घेऊ नये.

डबा आजींच्या हाती लागू देऊ नये. त्या बोटभर चाटतात, तोंड वाकडं करतात आणि विचारतात, "हे कोणाच्या खोकल्याचं होय बाप्पा?" प्रश्न तसा गैरलागू नाही. माल्टचा अर्क कॉड लिव्हर तेलात कालवून एकेकाळी पोरांना टॉनिक म्हणून पाजत असत. कडू मात्र हॉप्समुळे, आणि डबे दोन म्हणजे कडूपणाही दुप्पट. तो निवळायला काही महिने जातात.

भांडीकुंडी शोधायला सीताबर्डी पालथी घालू नये. झाकणाचं प्लास्टिकचं पिंप, झाकणाला भोक, भोकात सलाईनची नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत: वायू बाहेर जातो, माशी आत येत नाही. पिंप निर्जंतुक करायला लागणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट संत्र्याचं स्क्वॅश करणाऱ्या घरात असतंच. चिमूटभर, सोबत लिंबूसत्त्व, आणि तोंड दुसरीकडे. गाढपणा मोजायला हायड्रोमीटर लागतो. इन्व्हर्टरची बॅटरी तपासणाऱ्याकडे तो असतो, पण त्याचे आकडे सहसा १.१०० पासून सुरू होतात आणि आपलं मिश्रण जेमतेम १.०७० भरतं. शिवाय तो ॲसिडमध्ये बुडालेला. नसला तर नसो.

आता मुख्य अडचण, हवामान. एलच्या यीस्टला १८ ते २४ अंश लागतात. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली. अशा दिवसांत यीस्ट घातलं तर बिअर होत नाही, नेलपॉलिश रिमूव्हरच्या वासाचं काहीतरी होतं. कूलरपुढं पिंप ठेवून, वर ओलं पोतं टाकूनही भागत नाही, कारण मे महिन्यात कूलरपुढची जागा घरातल्या ज्येष्ठांची असते आणि त्यांना उठवण्याची हिंमत अजून कोणाची झालेली नाही. पावसाळ्यात दमटपणा आणि बुरशी. राहता राहिला डिसेंबर. रात्री मात्र पिंपाला दुलई लपेटावी. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता, आणि इतक्या थंडीत यीस्ट निजून जातं.

म्हणजे वर्षातून एकच महिना बरा. आणि नेमक्या याच महिन्यात सरकार नागपुरात येतं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. सह्या करणाऱ्यांनी यीस्टचा विचार केला नसावा, पण सरकार आणि यीस्ट दोघांनाही हवा सारखीच मानवते. अख्खं मंत्रिमंडळ, सचिव, राज्यभरातून मागवलेला पोलीस बंदोबस्त, आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याचे मंत्रीसुद्धा गावात. आपल्या घरात पिंप बुडुक बुडुक करत असतं. शेजारचे भाऊ गच्चीवरून विचारतात, "काय शिजवून राहिले जी?" आवळ्याचा मुरांबा, असं सांगावं. आठवडाभर कोणता मुरांबा बुडबुडतो, हा प्रश्न त्यांना सुचायच्या आत अधिवेशन संपतं.

एवढ्या धास्तीचं कारण काय? महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, मूळचा १९४९ चा. नाव दारूबंदी, पण पिण्याचा परवाना त्यातच मिळतो: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव. बिअरला वय २१, कडक मद्याला २५. पुण्यात २००९ मध्ये डूलालीनं राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली, तीही परवान्यानं. घरच्या पिंपाला मात्र परवाना नाही. गंमत अशी की माल्टचा अर्क बाळगता येतो, गूळ बाळगता येतो, पिंपात २० लिटर पाणी तर नागपूरकर उन्हाळाभर बाळगतो. पण दारू करायच्या हेतूनं बाळगलं, तर याच सामानावर कलम ६५ जागं होतं. यीस्टची सात ग्रॅमची पुडी फाडली आणि आत टाकली की पुढं जे होतं, तो तर गुन्हाच. तेव्हा कायदा पाळणाऱ्या वाचकानं इथंच थांबावं आणि पुढचा भाग केवळ सामान्यज्ञानासाठी वाचावा.

बाटल्या बिअरच्याच असाव्यात, स्क्वॅशच्या नकोत, दाबानं फुटतात. अंदाजे तीस लागतील. भंगारवाल्याकडं एकदम मागू नयेत. लोक त्याला रिकाम्या बाटल्या विकतात. उलट व्यवहार तो वर्षभर आठवणीत ठेवतो. पिंपातले बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच, लिटरला सहा ग्रॅम साखर घालून, बूच ठोकावं. घाई करून अर्धवट भरलेली बाटली एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता फुटते आणि मग आवळ्याचा मुरांबा पटवून देणं कठीण जातं. तेव्हा होळीपर्यंत संपवावी. आणखी मुरली असती तर बरी झाली असती, हे खरं.

काळ्या बिअरला मोठी परंपरा आहे असा युक्तिवाद करायचा असल्यास साहित्य भरपूर आहे. कामठीची छावणी १८२१ ची. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी लंडनहून पोर्टर या काळ्या बिअरची पिंपंच्या पिंपं येत. इंडिया पेल एल या फिकट बिअरचं नाव मोठं झालं, पण माल काळाच जास्त यायचा. हे सगळं दारावर आलेल्या जमादाराला सांगून पाहावं. तो शांतपणे ऐकून घेईल आणि पंचनाम्यात "वीस लिटर सडवा" असंच लिहील, जसं भंडारा-गडचिरोलीकडं मोहाच्या पिंपाला लिहितात. डब्यावरचं ॲडलेड, स्टाउट वगैरे काही तो लिहिणार नाही.

पंच म्हणून शेजारच्यांनाच बोलावतात. गच्चीवरचे भाऊ नक्की येतील, त्यांना मुरांब्याचं कुतूहल होतंच. नमुन्याच्या बाटलीला लाखेचं सील लागेल, आपली सही होईल, आणि नमुना प्रयोगशाळेत जाईल. काही दिवसांनी अहवाल येतो आणि त्यात अल्कोहोल किती टक्के ते दशांश चिन्हापर्यंत लिहिलेलं असतं. सहाच्या वर निघालं तर दोन डब्यांचं प्रमाण बरोबर जमलं असं समजावं.